रिफ आधी ठेक्यात बसवावा

मी 2010 साली बारावीची परीक्षा दिल्यावर लातुरात पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली. राहायची खोली भाड्याची होती, आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांत प्रवेशपरीक्षांचा अभ्यास करणारी मुले होती आणि भारनियमनामुळे वीज दिवसातले कित्येक तास गेलेली असे. त्यामुळे जवळजवळ दोन वर्षे मी ती गिटार अँपला, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, न जोडताच वाजवली. बोटे पळू लागली आणि आपल्याला मेटल, म्हणजे रॉक संगीताचा जड, जोरकस प्रकार, वाजवता येतो असा माझा समज झाला. पुढे एका मित्राच्या घरी गिटार पहिल्यांदा अँपला जोडून डिस्टॉर्शन सुरू केले, तेव्हा मी वाजवत असलेल्या तारेपेक्षा न वाजवलेल्या तारांचाच आवाज जास्त येत होता. ती दोन वर्षे मी फक्त सूर काढायला शिकलो होतो, सूर थांबवायला शिकलोच नव्हतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ही चूक टाळावी आणि त्यांना रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी सुरावट, रचता यावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

डिस्टॉर्शनमध्ये नेमके काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. आवाजाच्या लहरींचे शेंडे कापले जातात, त्यामुळे मोठा आवाज दाबला जातो आणि बारीकसारीक आवाज त्याच्या बरोबरीला येऊन बसतो. बोट उचलताना झालेला स्पर्श, शेजारच्या तारेचे थरथरणे, पिकचा (तार छेडायच्या पत्तीचा) चुकून लागलेला धक्का, हे सारे स्पष्ट ऐकू येते. म्हणून दोन्ही हातांना रोखण्याचे काम शिकवावे लागते. उजव्या हाताच्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजला (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीला) लागूनच तारांवर टेकवली की पाम म्यूटचा तो घट्ट, ठोस आवाज मिळतो. हात दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकला तर तार मुकी होते आणि मागे सरकला तर मोकळी वाजते. ही जागा प्रत्येक गिटारवर थोडी वेगळी असते आणि ती कानानेच शोधावी लागते. डाव्या हाताची तर्जनी जरा आडवी ठेवली, तर तिच्या पोटाने खालच्या बारीक तारा आपोआप मुक्या राहतात. मी सलग तीन आठवडे फक्त एवढेच केले: सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार चार वेळा वाजवायची आणि पाचव्या मात्रेला संपूर्ण शांतता आणायची. त्या शांततेत काहीही घुमता कामा नये.

मेटलमध्ये पूर्ण कॉर्डऐवजी, म्हणजे सा, ग, प अशा सुरांच्या मेळाऐवजी, पॉवर कॉर्ड का वाजवतात, याचेही उत्तर डिस्टॉर्शनमध्येच आहे. पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प, आपल्या तंबोऱ्यावर ऐकू येणारी तीच जोडी. दोन सूर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. सा आणि प यांचे प्रमाण 2:3 असल्यामुळे वजाबाकी 1 येते, म्हणजे खालच्या सप्तकातला सा आपोआप मिळतो आणि आवाज भारदस्त होतो. गिटारवरचा पंचम शुद्ध प्रमाणाच्या अगदी जवळ असतो, पण गांधार मात्र थोडा चढा असतो, त्यामुळे गांधार मिसळला की हे नवे सूर एकमेकांना धरून राहत नाहीत आणि सगळा गढूळ गोंगाट होतो. सहाव्या तारेवर पहिला फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी) आणि पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट दाबून पाहा, नंतर त्यात गांधार मिसळून पाहा. फरक कानाला लगेच कळेल.

वेगाच्या मागे लवकर लागू नये. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून एका ठोक्यात चार आघात स्वच्छ आले, तरच तो चार-पाच अंकांनी पुढे न्यावा. 180 च्या लयीत एका ठोक्याला दोन डाउनस्ट्रोक म्हणजे सेकंदाला सहा आघात होतात, आणि ते सगळे खालच्याच दिशेने द्यायचे असल्यामुळे मनगट सैल नसेल तर कोपरापर्यंत हात आखडतो. हात दुखू लागला की त्या दिवसापुरते थांबावे. मी दुखणे अंगावर काढले आणि त्यापायी दीड महिना गिटारला हात लावता आला नाही.

आता रिफ रचण्याविषयी, कारण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते इथेच. सुरुवातीला मी स्केलचे तक्ते पाठ करून त्यांतून रिफ काढत असे, आणि ते सारे रिफ व्यायामासारखेच वाटत. एका पोळ्याच्या मिरवणुकीत मी हलगीवाल्याच्या अगदी शेजारी उभा होतो. त्याने जाळावर हलगी तापवून घेतली, टिचकी मारून ताण पाहिला आणि वाजवायला सुरुवात केली. एका हातातली लांब, बारीक काडी अखंड तडतडत होती आणि दुसऱ्या हातातली आखूड, जाड काडी मोजक्याच जागी पडत होती. लोकांचे पाय त्या जाड काडीवर नाचत होते, पण बारीक काडी थांबली असती तर जाड काडीचा आघात पोकळ वाटला असता. पाम म्यूट केलेली मोकळी (डाव्या हाताने न दाबलेली) सहावी तार ही बारीक काडी आहे आणि मोकळा सोडलेला पॉवर कॉर्ड ही जाड काडी आहे, हे मला तिथे उमगले.

तेव्हापासून मी रिफ आधी तोंडाने म्हणतो आणि मगच गिटार उचलतो. तुम्हीही असेच करून पाहा. चार ठोक्यांच्या एका आवर्तनाचे सोळा समान भाग करा आणि सोळाही भागांवर मोकळी सहावी तार म्यूट करून वाजवत राहा. मग पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या भागावर हात उचलून पॉवर कॉर्ड सोडा. तीन-तीन-तीन-तीन-चार अशी ही विभागणी होते. मधले आघात ड्रमच्या ठोक्यांना चुकवत जातात, ऐकणाऱ्याला लय निसटल्यासारखी वाटते आणि तेरावा भाग नेमका चौथ्या ठोक्यावर, स्नेअर या ड्रमसोबत येऊन पडतो. तिहाई समेवर आल्यावर मैफलीत जो हुंकार उमटतो, त्याच जातीचा आनंद इथे आहे. हाच साचा तीन वेळा वाजवून चौथ्या वेळी शेवट बदलला, की रिफला वाक्यासारखा आकार येतो.

सूर त्यानंतर बसवावेत, आणि त्यासाठीही मराठी कानाला परक्या दारात जावे लागत नाही. मेटलमध्ये फार वापरला जाणारा फ्रिजियन मोड म्हणजे भैरवी थाटाचेच सूर. मोकळी सहावी तार सा धरली, तर कोमल रे पहिल्या फ्रेटवर, कोमल ग तिसऱ्यावर, म पाचव्यावर, प सातव्यावर, कोमल ध आठव्यावर आणि कोमल नी दहाव्यावर येतो. सा आणि कोमल रे यांच्यातला तो एका फ्रेटचा ताण भजनाच्या भैरवीत करुण वाटतो, म्यूट केलेल्या तारेवर तोच धमकावतो. सहाव्या फ्रेटवरचा तीव्र मध्यम तर या संगीताच्या जन्मापासूनचा आहे. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडच्या फेब्रुवारी 1970 मध्ये आलेल्या पहिल्या अल्बममधले, बँडच्याच नावाचे गाणे सा, वरचा सा आणि मधला तीव्र मध्यम एवढ्या तीन सुरांवर उभे आहे. ते वाजवणाऱ्या टोनी आयोमी यांची बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात 1965 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तार दाबायची बोटे तीच होती. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या आणि 1971 च्या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी गिटार तीन फ्रेट खाली उतरवली. तारा सैल झाल्याने बोटांना आराम मिळाला आणि आवाजही अधिक जड झाला. तुम्ही ट्यूनिंग उतरवणार असाल तर सहावी तार मात्र जाड घ्या. बारीक तार सैल झाली की आघातासरशी तिचा सूर चढतो आणि रिफ बेसूर होतो.

उपकरणांबद्दल थोडेच सांगतो. हंबकर पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) असलेली गिटार घ्यावी, कारण त्यातली दोन वेटोळी विजेची 50 हर्ट्झची गुणगुण एकमेकांत रद्द करतात. मला एका विक्रेत्याने सिंगल कॉइलची गिटार मेटलसाठी उत्तम म्हणून विकली होती. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंग अनेकदा नसते. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणे थांबवून आधी वायरमनला बोलवावे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत गिटार उघडी ठेवू नये, लाकूड सुकून फ्रेटची टोके बाहेर येतात आणि हात सोलतो.

रिफ सुचला की लगेच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) मात्र अर्ध्यावर आणावा, कारण जास्त गेन आघातांतला कमी-जास्तपणा झाकतो. दोन्ही कानांत भरणारा रुंद आवाज हवा असेल तर एकच मुद्रण दोनदा चिकटवू नये. तोच रिफ दोनदा स्वतंत्र वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवावा. दोन्ही वादनांतला सूक्ष्म फरकच ती रुंदी देतो, आणि आघात कुठे घसरला तेही तिथेच उघडे पडते. माझ्या पोळ्याच्या रिफची दोन मुद्रणे मी पहिल्यांदा अशी एकत्र ऐकली, तेव्हा दहाव्या भागावरचा कॉर्ड दर वेळी डावीकडे आधी आणि उजवीकडे नंतर येत होता. तो एक आघात दोन्हीकडे एका जागी आणायला मला पुढचे चार दिवस लागले.