एफएसटीची शिखरं वाचताना: सख्ख्या पक्षीप्रजातींतला जनुकीय फरक कसा मोजायचा

प्रजाती नुकत्याच वेगळ्या झाल्या असतील तर जीनोमभर, म्हणजे अख्ख्या डीएनएभर, सारखा फरक दिसत नाही. युरोपातल्या काळ्या कॅरियन कावळ्यात आणि करड्या हुडेड कावळ्यात पक्के म्हणावेत असे (एका प्रजातीत सगळ्यांत एक बेस म्हणजे डीएनएचं अक्षर, दुसरीत सगळ्यांत दुसरं) 82 फरक सापडले, आणि त्यातले 81 गुणसूत्र 18 वरच्या 20 लाख बेसपेक्षा लहान पट्ट्यात होते. जीनोमभर एफएसटी (दोन गटांतल्या जनुकीय फरकाचं माप) मांडलं की असे पट्टे शिखरांसारखे उठून दिसतात. अशी शिखरं पाहून लगेच ‘प्रजाती घडवणारी जनुकं’ सापडल्याचं जाहीर करायचा मोह होतो. तो आवरण्यासाठीच पुढची खटपट.

नमुने घेताना प्रत्येक प्रजातीचे किमान 10 नर घ्या, तेही संकरपट्ट्यापासून (दोन्ही प्रजातींचा संकर होतो त्या भागापासून) दूरचे, आणि सोबत तिसऱ्या, थोड्या दूरच्या प्रजातीचे एक-दोन. नरच का? पक्ष्यांत लिंगगुणसूत्रं नरात झेडझेड आणि मादीत झेडडब्ल्यू. माद्या मिसळल्या की झेडवरची वाचनं (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) निम्मी होतात, डब्ल्यूचे तुकडे झेडवर जाऊन बसतात आणि नसलेली विविधता दिसू लागते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असल्यामुळे पंखाच्या शिरेतलं 20 ते 50 मायक्रोलिटर रक्त पुरतं. ते लगेच भरपूर इथेनॉलमध्ये घालून हलवा, नाहीतर गोळा होतो आणि आतला डीएनए खराब होतो. गोठू नये म्हणून हेपरिन वापरू नका, ते पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) अडवतं, ईडीटीए चालतं. पकडण्याची आणि रक्त घेण्याची परवानगी आधीच हातात हवी.

प्रत्येक पक्ष्याचा जीनोम साधारण 15 ते 20 पट, म्हणजे दर बेस सरासरी तितक्या वेळा, वाचून घ्या. वाचनं दोन्ही प्रजातींपासून सारख्याच अंतरावरच्या संदर्भ जीनोमवर (तुलनेसाठी घेतलेल्या, आधीच जुळवलेल्या जीनोमवर) बसवा. दोघींपैकी एकीचाच संदर्भ वापरला तर दुसरीची वेगळी वाचनं गळतात. सरासरीच्या दुपटीहून जास्त वाचनं असलेल्या जागा काढून टाका. तिथे बहुधा पुनरावृत्त तुकडे एकावर एक चढलेले असतात.

न बदललेल्या जागा मात्र फाइलमध्ये राहू द्या. घोळ होतो तो इथेच. फक्त बदललेल्या जागांची फाइल असेल तर ‘माहिती नाही’ आणि ‘फरक नाही’ यांत भेद उरत नाही, आणि पाय (π, एकाच प्रजातीच्या दोन प्रतींतला दर बेसमागचा सरासरी फरक) व डीएक्सवाय (दोन प्रजातींच्या प्रतींतला तसाच सरासरी फरक) दोन्ही खोटे कमी येतात. पिक्सी हे साधन नेमकं यासाठीच बनवलेलं आहे.

आता जीनोमच्या 50,000 बेसच्या खिडक्या (सलग तुकडे) पाडा आणि वापरण्याजोग्या जागा 10,000 हून कमी असलेल्या सोडून द्या. प्रत्येक खिडकीत तीन आकडे काढा: एफएसटी, डीएक्सवाय आणि दोन्ही प्रजातींचा स्वतंत्र पाय. एफएसटी हे सापेक्ष माप आहे. प्रजातीच्या आतली विविधता घटली की नवा फरक न पडताही ते वर चढतं. पुनर्संयोजन (गुणसूत्रांच्या जोडीतली तुकड्यांची अदलाबदल) कमी असलेल्या भागात, विशेषतः सेंट्रोमिअर या गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळ, निवडीमुळे शेजारची विविधताही पुसली जाते. तिथे एफएसटी उंच, पाय कमी आणि डीएक्सवायही कमी असं चित्र दिसतं. फ्लायकॅचर पक्ष्यांत 2012 साली ठळकपणे मांडलेल्या शिखरांवर पुढे हाच खुलासा पुढे आला. एफएसटी आणि डीएक्सवाय दोन्ही चढलेले असतील तरच जनुकप्रवाहाला (दोन प्रजातींतल्या जनुकांच्या देवाणघेवाणीला) तिथे अडथळा असल्याची शंका घ्यावी. दुसऱ्या, असंबंधित जोडीतही त्याच जागी शिखर आलं तर कारण बहुधा पुनर्संयोजनाचंच. झेड वेगळं तपासा: त्याच्या प्रती ऑटोसोमच्या (लिंगगुणसूत्र नसलेल्या इतर गुणसूत्रांच्या) पाऊणपट, म्हणून तिथे फरक तसाही लवकर साचतो.

काळ काढताना अख्खा डीएक्सवाय उत्परिवर्तनाच्या दराने भागू नका. त्यात पूर्वजांतली विविधताही धरलेली असते. समजा डीएक्सवाय 0.006 आणि पूर्वजांचा पाय 0.004 आहे. उरलेल्या 0.002 ला कॉलर्ड फ्लायकॅचरमध्ये मोजलेल्या दराच्या, म्हणजे पिढीमागे दर बेसला 0.0000000046 च्या दुपटीने भागा: सुमारे 2.17 लाख पिढ्या. वजाबाकी विसरली तर उत्तर 6.5 लाखांवर जातं. पूर्वजांचा पाय थेट मोजता येत नाही, आजच्या प्रजातींवरून अंदाजावा लागतो, त्यामुळे 0.003 आणि 0.005 धरूनही गणित करा आणि तिन्ही उत्तरं द्या.