ज्युनिअर आइस हॉकीतला फॉरवर्ड (पुढे खेळून गोल करणारा प्लेअर) खरंच भारी आहे का, कसं ओळखायचं
नुसते गोल मोजू नका, आधी वय बघा, १९-२० वर्षांचा पोरगा सोळाच्या पोरांपुढे गोल ठोकणारच, त्यात काय एवढं. मग गोल आणि असिस्ट (गोल व्हायला दिलेला पास) मिळून जे पॉइंट्स होतात त्यांना मॅचेसने भागा. कॉनर बेडार्डचंच घ्या ना, वेस्टर्न लीगमध्ये (कॅनडातली एक मोठी ज्युनिअर लीग) १५व्या वर्षी पूर्णवेळ खेळायची खास परवानगी मिळालेला पहिलाच प्लेअर, आणि २०२२-२३ ला रेजायना पॅट्स या टीमकडून ५७ मॅचमध्ये १४३ पॉइंट्स, म्हणजे मॅचमागे अडीच! पॉवर प्लेचे पॉइंट्स वेगळे काढा, तिथे पेनल्टीमुळे समोर निदान एक माणूस कमी असतो. वर्ल्ड ज्युनिअर्स, म्हणजे २० वर्षांखालच्यांची वर्ल्ड चॅम्पियनशिप, तर बघाच. आणि हो, एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी प्रोफेशनल लीग) पहिल्या सीझनला शिकागोकडून बेडार्डचेच ६८ मॅचमध्ये ६१ पॉइंट्स झाले, तेव्हा ज्युनिअरचे आकडे तिथे तसेच उतरतील असं धरू नका.