शोधकार्यासाठी कुत्रा आणि हॅंडलर कसे तयार करावेत

हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या पथकात आपणही हॅंडलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा जोडीदार, म्हणून कुत्रा घेऊन जावं असं वाटलं की बहुतेक जण आधी पिल्लू बघायला लागतात. तसं करू नका. आधी पथक गाठा आणि दोन-तीन महिने कुत्र्याशिवाय, नुसते लपायला जा. झुडपात तासभर गप्प पडून राहिलात की दुसऱ्यांचे कुत्रे तुमच्यापर्यंत कसे पोहोचतात ते जवळून दिसतं. आपल्याला हे झेपेल का, तेही कळतं. आठवड्याला एक-दोन दिवस सराव, तोही साधारण दीड-दोन वर्षं. शिवाय मध्यरात्री फोन आला तर उठून निघायचं.

कुत्रा निवडताना

जातीपेक्षा खेळाचं वेड बघा. उंच गवतात चेंडू फेका. दिसत नाही म्हणून मिनिटभरात परत फिरणारा कुत्रा घरी छान राहील, पण या कामाला नको. नाक खाली घालून शोधतच राहतो, तो हवा. अनोळखी माणसाकडे तो आपणहून जायला हवा, आणि मोठ्या आवाजाने दचकला तरी लगेच सावरायला हवा. चावरा किंवा भित्रा कुत्रा कितीही हुशार असला तरी घेऊ नका. ज्याला शोधायचंय ते घाबरलेलं लहान मूलही असू शकतं. खुब्याच्या सांध्यांचा एक्स-रे सुरुवातीलाच काढून घ्या.

कामाचा प्रकार ठरवा

माग काढणारा कुत्रा लांब दोरीवर असतो. हरवलेल्या माणसाच्या कपड्याचा वास घेऊन तो त्याच एका माणसाच्या मागावर जातो. तो कपडा उघड्या हाताने उचलू नका. स्वच्छ पिशवी उलटी करून तिच्यात घ्या. हवेतला वास घेणारा कुत्रा मोकळा सुटतो आणि ठरवून दिलेल्या भागात कुठलाही माणूस शोधतो. ढिगारा, बर्फ, पाणी, मृतदेह यांचं प्रशिक्षण वेगळं. पहिल्या कुत्र्याला एकाच प्रकारात पक्कं करा.

पहिला खेळ

हा टप्पा मला सगळ्यांत आवडतो. तुम्ही कुत्र्याला हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, धरून उभे. समोर दुसरा माणूस खेळणं नाचवतो, कुत्र्याला चेतवतो आणि पळत जाऊन वीस-तीस पावलांवर झाडामागे बसतो. लगेच आज्ञा द्या आणि सोडा. कुत्रा पोहोचला की त्याच क्षणी त्या माणसाने खेळणं देऊन मनसोक्त खेळायचं. बक्षीस लपलेल्या माणसाकडूनच मिळायला हवं. माणूस सापडणं म्हणजेच मजा, हे कुत्र्याच्या डोक्यात इथे बसतं.

हळूहळू अंतर वाढवा, मग पळताना दिसणं बंद करा, मग वारा वापरा. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांचा वास वाऱ्याबरोबर पसरत जातो, म्हणून कुत्र्याला वाऱ्याच्या आडव्या दिशेने फिरवा. वास लागला की धावता कुत्रा मान झटकन वळवतो, शेपटीची चाल बदलते. आपल्या कुत्र्याची ही खूण डोळ्यांत साठवा.

त्यानंतर सापडल्याचं सांगायला शिकवा: माणसापाशी थांबून भुंकत राहणं, किंवा तुमच्याकडे येऊन तुम्हाला तिथे नेणं. दोन्ही पद्धती चालतात. बोलावल्यावर येणं, डुगडुगत्या फळीवर चालणं, गुराढोरांच्या मागे न लागणं हेही हवंच. ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या कळपातून जायची वेगळी चाचणीच असते.

हॅंडलरची तयारी

कुत्र्याला वास घेणं आपण शिकवत नाही, ते त्याला येतंच. शिकायचं असतं ते आपल्याला. नकाशा, होकायंत्र, जीपीएस, वायरलेसवर मोजकं बोलणं, माणसाचे आणि कुत्र्याचे प्रथमोपचार, आणि घटनास्थळी कशालाही हात न लावणं. वारा बघायला टाल्कम पावडरची छोटी डबी खिशात ठेवा. सकाळी उन्हाने तापलेली हवा चढावर सरकते, रात्री थंड हवा उताराने खाली येते.

एकदा सरावात माणूस कुठे लपलाय याचा मी मनाशी अंदाज बांधला होता. त्या झुडपांच्या जाळीपाशी माझी पावलं मंदावली, हात खेळण्याच्या खिशाकडे गेला. माझी कुत्री माझ्याकडे बघून भुंकली. जाळी रिकामी होती. तिने मला वाचलं होतं. खऱ्या शोधात अशा एका खोट्या इशाऱ्यामुळे माणसं भलत्या जागी अडकतात आणि खरी जागा मागे राहते. तेव्हापासून लपण्याची जागा मला माहीत नसेल असाच सराव मी करते.

परीक्षा

परीक्षेत लपलेल्यांची जागा हॅंडलरला सांगत नाहीत, कधी संख्याही नाही. काही ठिकाणी पूर्ण रिकामा भाग देतात, आणि ‘इथे कोणी नाही’ असं तुम्हाला ठामपणे सांगावं लागतं. मला हीच खरी परीक्षा वाटते. १९९३ साली स्थापन झालेल्या आयआरओ या शोध-बचाव कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने अवघड होत जातात. अमेरिकेत फेमा या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. पास झालात तरी सरावाची वही लिहीत राहा: तारीख, वारा, तापमान, किती वेळात सापडलं, काय चुकलं.

पास झालेल्या कुत्र्याचा इशाराही शक्य तिथे दुसऱ्या कुत्र्याकडून पडताळतात. २०२३ च्या तुर्कस्तान भूकंपात भारताच्या एनडीआरएफ या आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्युली या कुत्रीने ढिगाऱ्यावर भुंकून खूण दिली, मग रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याने तीच जागा दाखवली आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर आली.

बऱ्याच शोधांत असं होत नाही. दिवसभर फिरूनही कोणी सापडलं नाही, तर निघण्याआधी पथकातल्या एकाला जवळच लपवा आणि कुत्र्याला सोडा. त्याला माणूस सापडू द्या, खेळू द्या, मगच गाडीत चढवा.