विनोदी मालिका लिहायचीय? आधी सेट मोजा

विनोदी मालिकेचा एपिसोड लिहून दिला की निर्माता आधी विचारतो, 'सेट किती? कलाकार किती?' हसू येतंय का, हे नंतर. इंदूरहून मुंबईला निघालेल्या पोरांना मी हे आधीच सांगून ठेवतो. राजवाड्यावर गप्पांत दहा जणांना हसवणारा आपल्याकडे प्रत्येक जण स्वतःला लेखकच समजतो, भिया!

रोजच्या मालिकेला आठवड्याचे किमान पाच एपिसोड लागतात. जाहिराती वगळून प्रत्येकी साधारण 22 मिनिटं. तिथे कोट्या किती दिवस पुरणार? पुरतो तो स्वभाव. सासरा चिक्कू आहे हे एकदा ठरलं, की त्याच्या हातात हॉटेलचं बिल द्यायचं. पुढचं तोच बोलतो.

आधी वन-लाइन, म्हणजे एपिसोडची थोडक्यात गोष्ट, तिला चॅनेलची मंजुरी, मग स्क्रीनप्ले, मग संवाद. बरेचदा शेवटची दोन कामं दोन वेगळे लेखक करतात आणि नवख्याच्या वाट्याला दुरुस्त्या येतात. खरी शाळा तीच. सकाळी फोन येतो: काकांचं काम करणारे नट आज येत नाहीत, सेट मात्र लागलाय. आम्ही एकदा काकांना बाथरूमच्या बंद दाराआड पाठवलं. आतून बादली वाजवायला सहायक दिग्दर्शक, काकांचा आवाज नंतर डबिंगला. मूळ सीनपेक्षा हा जास्त रंगला, कारण दाराबाहेरच्या चौघांना आपापली घाई होती. शूटिंगचा दिवस वाचवणारा लेखक निर्मात्याच्या लक्षात राहतो. पुढे मी निर्मितीत आलो तो याच वाटेने. विनोदबुद्धीचा त्यात हात थोडाच.

तयारी इंदुरातच करा. सानंद या आपल्या मराठी सांस्कृतिक संस्थेत एकच नाटक सभासदांच्या वेगवेगळ्या गटांसाठी लागोपाठ होतं. कुणाचा तरी पास मागून दोन प्रयोग बघा. हशा कुठे आला, कुठे आलाच नाही आणि नट पुढच्या वाक्याआधी किती थांबला, ते टिपून ठेवा. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, हे आपलं भांडवल हिंदी मालिकांत चांगलं चालतं. माळव्याचेच हिंदी व्यंगलेखक शरद जोशी 1984मध्ये दूरदर्शनसाठी 'ये जो है जिंदगी' लिहीत होते.

नमुना म्हणून दोन सेट आणि चार पात्रांचा, स्वतःचा एक एपिसोड न्या. ऐकवण्याआधी तो स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करा.

पैशांचं मात्र वाईट आहे. मानधन टेलिकास्टनंतर 90 दिवसांनी देण्याचा रिवाज आहे, म्हणजे पहिला चेक येईपर्यंत घरभाडं तुमच्याच खिशातून. सहा महिन्यांची सोय करूनच निघा. करारावर सही करण्याआधी, एपिसोड लिहून घेतला पण चित्रित झालाच नाही तर पैसे मिळणार का, तेवढं कलम शोधा. नसेल तर लिहून घ्या.