मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना
अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल, तर पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला प्रवेशाच्या धावपळीआधीच काढून ठेवावा. धुणीभांडी किंवा बिगारीकाम करणाऱ्या आईवडिलांकडे पगारपत्रक नसते, त्यामुळे सारी भिस्त तलाठ्याच्या अहवालावर असते आणि तिथेच दिवस जातात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि आधार यांवरील नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, म्हणून बँकेत नुसते ‘लिंक’ झाले का असे न विचारता ‘सीडिंग’ (म्हणजे आधारवर येणारी सरकारी रक्कम याच खात्यात जमा व्हावी अशी नोंद) झाले का, असे विचारावे (हा फरक काउंटरवरही कधीकधी समजावून सांगावा लागतो). अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडताळणीसाठी अडकलेला नाही ना, हे दर आठवड्याला तपासावे.