सीएसएस शिकताना आधी काय समजून घ्यावे

सीएसएस, म्हणजे संकेतस्थळाचे पान कसे दिसावे हे ठरवणारी भाषा, शिकायला घेतलेली बहुतेक मुले सुरुवातीलाच रंग, सावल्या आणि ॲनिमेशनकडे वळतात. मराठी संकेतस्थळांची कामे करताना आणि नवोदितांना शिकवताना माझे मत असे झाले आहे की, दोन नियम एकमेकांच्या विरोधात गेल्यावर ब्राउझर कोणाचे ऐकतो, हे आधी कळले पाहिजे.

एकाच परिच्छेदाला ‘पी’ टॅगच्या (परिच्छेदाची खूण) नियमाने काळा आणि क्लासच्या (आपण काही घटकांना दिलेले गटाचे नाव) नियमाने निळा रंग दिला असेल, तर टॅगचा नियम फाइलमध्ये नंतर लिहिलेला असला तरी परिच्छेद निळाच दिसतो. कारण क्लासचे वजन टॅगपेक्षा जास्त असते आणि आयडीचे (एकाच घटकाला दिलेले नाव) क्लासपेक्षाही जास्त. वजन सारखे असेल तेव्हाच नंतरचा नियम लागू होतो. नियम चालत नाही म्हणून बाकी नियमांवर मात करणारा ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द जोडून मोकळे होण्याची सवय लागली, की पुढे त्या फाइलला हात लावायला कोणी धजावत नाही. त्याऐवजी क्रोममध्ये त्या मजकुरावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडावे. मागे पडलेल्या नियमावर तिथे आडवी रेघ मारलेली दिसते.

मापांचा हिशेबही तिथेच पाहावा. रुंदी 300 पिक्सेल, दोन्ही बाजूंना 20 पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि कडेमधली मोकळी जागा) आणि 1 पिक्सेलची बॉर्डर दिली, तर चौकट प्रत्यक्षात 342 पिक्सेल जागा घेते. ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ ही किंमत दिली, की ती 300 मध्येच बसते. मी प्रत्येक नव्या फाइलची सुरुवात याच ओळीने करतो.

इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या थीममध्ये (संकेतस्थळाच्या तयार साच्यात) मराठी ओतली, की खरी परीक्षा सुरू होते. शीर्षकांना मोठ्या लिपीचा नियम असतो, तो देवनागरीवर काहीच करत नाही (तेवढेच बरे). पण त्याच्या जोडीला असलेले ‘लेटर-स्पेसिंग’ अक्षरे फाकवते आणि शिरोरेषेचे तुकडे पाडते. ओळींची उंची अक्षरांच्या आकाराच्या 1.2 पट असेल, तर वरच्या ओळीतला ‘कृ’ आणि खालच्या ओळीतला ‘र्थी’ एकमेकांना भिडू लागतात. मजकुरासाठी मी 1.6 च्या खाली उतरत नाही. पानाची रचना लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेत ‘लँग’ या ॲट्रिब्यूटला (भाषा सांगणाऱ्या गुणधर्माला) मराठीचा ‘एमआर’ हा कोड दिला, की सीएसएसमधल्या ‘लँग’ सिलेक्टरने (नियम कोणाला लागू हे सांगणाऱ्या भागाने) हे बदल फक्त मराठी पानांपुरते करता येतात. या सिलेक्टरचे वजन क्लासइतकेच असते. त्यामुळे थीमने शीर्षकाला एकाच क्लासने अक्षरांमधले अंतर दिले असेल, तर आपल्या नियमात ‘लँग’च्या आधी शीर्षकाचा टॅगही लिहावा, म्हणजे फाइलमधल्या क्रमावर विसंबून राहावे लागत नाही.