ख्रिसमस ट्रीवरचा लाल कोळी: या चुका टाळा

नाताळ सरला की कुंडीतला ख्रिसमस ट्री, म्हणजे मुंबईत बहुतेक वेळा अरोकेरिया, हॉलमधून बाल्कनीच्या ग्रिलमध्ये जातो आणि उन्हाळा लागला की पिवळट पडायला लागतो. मग फोन येतो, "पाणी कमी पडलं का हो?" बऱ्याचदा ते लाल कोळ्याचं, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या ठिपक्याएवढ्या किडीचं काम असतं. फांदीखाली पांढरा कागद धरा, वरून टिचक्या मारा. पडलेले ठिपके चालायला लागले, की समजा. एवढंही न बघता औषधाला पळणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

सगळ्यात महाग चूक म्हणजे कोळ्यावर कीटकनाशक. कोळी कीटक नाहीच; आठ पायांचा, गोचिडाच्या गोतावळ्यातला. मुलुंडच्या एका काकूंनी दुकानदाराचं ऐकून इमिडाक्लोप्रिड मारलं. मावा, म्हणजे रस शोषणारा बारीक कीटक, असता तर गेला असता. कोळी जागच्या जागी राहिला, त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मेले. काकूंनी काय करावं? मात्रा दुप्पट! मी पोहोचलो तेव्हा शेंड्यापर्यंत जाळी, शेजारचा गुलाबही गेलेला. खालच्या फांद्या वाळल्या. अरोकेरियाला गेलेल्या फांदीच्या जागी नवी येत नाही, त्यामुळे झाड जगलं, पण बुंध्याशी कायमचं उघडं पडलं.

मी आधी औषधाला हातच लावत नाही. मातीवर प्लास्टिक बांधायचं, कुंडी बाथरूममध्ये आडवी करायची आणि हँडशॉवर खालच्या बाजूने, बेचक्याबेचक्यांत मारायचा. दर तीन-चार दिवसांनी. तरी हटला नाही तर कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, थोडं साबणपाणी घालून, ऊन उतरल्यावर. पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून बघा.

आणि एकदा फवारून हात झटकू नका. अंडी मागे राहतात, आपल्या उकाड्यात आठवड्याभरात पुढची फौज तयार. निदान तीन आठवडे चिकाटी लागते. "एका फवाऱ्यात जाईल असं द्या" म्हणणाऱ्याला मी प्लास्टिकचा ट्री घ्यायला सांगतो.

पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण भर उन्हात मारलं तर झाड करपतं, आणि तेलानंतर दोन आठवडे तर नकोच. एसीच्या झोतात झाड ठेवू नका, कोरडी हवा कोळ्याला मानवते. नवीन रोप आणलं की आधी काही दिवस वेगळं ठेवा. पिवळे चिकट सापळे यासाठी विकत घेऊ नका, कोळ्याला पंख नसतात.